पायातलं सुकाणू

स्वरूपचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात डबा खात होते.

"ताई, रविवारी येतीयस ना? विमान डावीकडं ओढतंय."

"किती?"

"धावपट्टीवरून खाली चिखलात उतरतं, इतकं."

येते म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यानं स्वतःहून काहीतरी मागितलं होतं, आणि तेही मला जमेल असं.

शिरवळजवळच्या एका कारखान्यात मी मोजमापाची उपकरणं तपासते. दाब दाखवणारी, तापमान दाखवणारी, टाकीतली पातळी सांगणारी. एखादं उपकरण खोटं बोलायला लागलं की ते का बोलतंय हे शोधून काढायचं, हे माझं काम. कंपनीची बस मिळते म्हणून किकवीला खोली घेऊन राहते. आईवडील आणि स्वरूप मात्र आत डोंगरात, वेल्ह्याच्या पलीकडं, पासलीला.

स्वरूप माझा धाकटा भाऊ. शिष्यवृत्ती मिळवून तो विमान चालवायला शिकत होता. जत्रेला घरी येताना घाटातल्या एका वळणावर खडीवरून त्याची मोटारसायकल घसरली. जीव वाचला, पण कणा दुखावला आणि कमरेखालचं सगळं गेलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं, "माझे पाय कुठं ठेवलेत?" पाय त्याच्या समोरच, चादरीखाली होते.

पुढं त्याच्या बरोबरीच्या पोरांनी मिळून त्याला घरी विमान आणून दिलं. म्हणजे एक लोखंडी सांगाडा, त्यात खुर्ची, समोर मोठा पडदा, हातात धरायची दांडी आणि खाली पायांची पेडलं. संगणकाच्या आतलं विमान, पण उडवायचं अगदी खऱ्यासारखं. पूर्वी आम्ही भाताची पोती रचायचो त्या मागच्या खोलीत ते बसवलं. हवेत विमान दांडीनं वळतं, जमिनीवर मात्र पायानं वळवावं लागतं. डावं पेडल दाबलं की नाक डावीकडं, उजवं दाबलं की उजवीकडं. स्वरूपला ते शक्य नव्हतं, म्हणून पोरांनी त्याच कामासाठी खुर्चीच्या बाजूला हातानं चालणारी एक कळ लावून दिली होती. पेडलं सांगाड्यालाच जोडलेली, ती तशीच राहिली. पाय लोंबू नयेत म्हणून तो ते पेडलांवर ठेवायचा आणि वरून पट्टा बांधून घ्यायचा.

रविवारी स्कूटरनं नसरापूर, मार्गासनी करत निघाले. वेल्ह्याच्या बाजारात आईसाठी पानं घेतली. तोरण्याचा माथा ढगात होता. पासलीत पोचले तेव्हा आण्णा, म्हणजे आमचे वडील, खाचराच्या बांधावर फुटलेली मोरी बुजवत होते. त्यांनी लांबूनच हात केला.

स्वरूप खुर्चीत तयारच होता.

"वारा बघितलास?" मी विचारलं. त्या संगणकात खऱ्या हवामानासारखा वारा असतो.

"बंद केलाय."

"पंख्याची ओढ? तसंही पंख्याचं विमान डावीकडं जातंच म्हणतोस ना तू."

"ते मला शिकवू नकोस. मी इंजिन बंद ठेवून उतारावर सोडून बघितलंय. तरी वळतं."

मग मी रीतसर बसले. हाताची कळ मध्यावर आणून पुन्हा बसवली. तिच्यातलं ढिलेपण काढलं. वायर बदलली, ती लावायची संगणकाची खाच बदलली. आणि मग सेटिंगमध्ये खाली गेल्यावर कारण सापडलं. वळवण्याचं काम कळीलाही दिलेलं होतं आणि पेडलांनाही. एका विमानाला दोन सुकाणू. मी पेडलांची वायर उपटली. विमान दोरी लावल्यासारखं सरळ गेलं, वेग घेतला आणि उडालं.

"झालं," मी म्हटलं. "पेडलाचा सेन्सर गेला असणार."

इथंच थांबायला हवं होतं. पण सेन्सर गेलाय असं म्हणून सोडून द्यायची मला सवय नाही. तो कसा गेलाय ते बघायचं असतं. मी वायर परत लावली आणि पडद्यावर पेडलाची रेघ उघडली. पेडल हललं की ही रेघ वर-खाली होते. स्वरूपचे पाय उचलून मी शेजारच्या पाटावर ठेवले. रेघ सपाट. जेवणं होईपर्यंत सपाटच राहिली. सेन्सर धडधाकट होता.

पाय परत पेडलांवर ठेवले. स्वरूपनं विमान चालू केलं.

रेघ हळूच वर चढली.

मी खाली वाकून बघितलं. पट्ट्याखाली त्याच्या डाव्या पायाचा चवडा पुढं झुकला होता. पेडल दाबलं गेलं होतं.

"तू दाबलंस?"

"काय?" स्वरूप म्हणाला. त्याला खालचं काही कळलंच नव्हतं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिनं माझ्या नजरेच्या दिशेनं खाली बघितलं. कपबशी तिनं तशीच जमिनीवर ठेवली आणि मागच्या दारातून ओरडत धावली, "आवं, हिकडं या! पोराचा पाय हलला! आवं, पाय हलला त्येचा!"

पुण्याला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हातोडीनं ठोकून बघितलं, सुई टोचून बघितली. टोचलेलं स्वरूपला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, अशा दुखापतीत पायाचे स्नायू आपोआप आखडतात, झटके येतात, त्याला सुधारणा म्हणता येत नाही. मला ते पटलं. आईला पटलं नाही. तिनं घरी येऊन तिळाचं तेल कोमट केलं आणि त्या दिवसापासून ती रोज सकाळी त्याचे पाय चोळायला लागली.

मला पटलं खरं, पण बसमध्ये जाता-येता ती रेघ डोळ्यांसमोरून जाईना. झटक्याची रेघ कशी असते ते मला माहीत आहे. दातेरी असते, मध्येच उसळते, मध्येच पडते. बिघडलेल्या सेन्सरची वेगळी, सैल जोडणीची वेगळी. स्वरूपच्या पायाची रेघ यांतली कुठलीच नव्हती. हलकेच दाब, किंचित सोडणं, पुन्हा थोडासा दाब. आमच्याकडं जुने कामगार हातानं झडप उघडतात तेव्हा अशी रेघ येते. माणूस काट्याकडं बघत असतो आणि त्याप्रमाणं हात आवरत असतो.

पुढच्या वेळी गेले तेव्हा मी स्वरूपला एवढंच म्हटलं, "आज कळीला हात लावू नकोस. पाय काय करतात ते बघू."

विमान पुण्याच्या धावपट्टीवर उभं केलं. ते डावीकडं वळलं, आणखी वळलं, आणि एका ठिकाणी सरळ झालं. तिथून पुढं नाकाच्या रेषेत गवतातून जात राहिलं. मी ते उचलून धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, उलट्या तोंडानं ठेवलं. या वेळी उजवा पाय दाबला गेला. वळून वळून विमानाचं नाक पुन्हा त्याच दिशेला आलं आणि पाय सैल पडले.

स्वरूपनं माझ्याकडं बघितलं. "हे डावीकडं ओढत नाही, ताई."

"नाही."

"हे कुठंतरी चाललंय."

मी म्हटलं, तुझ्या मनात कुठंतरी दिशा असणार. माणसाला नकळत बरंच ठाऊक असतं. आणि ते खोटं ठरवायला, किंवा खरं ठरवायला, मी पडदा त्याच्याकडून माझ्याकडं वळवून घेतला. आवाज बंद केला. आता विमान कुठं आहे आणि कुठं तोंड करून आहे हे फक्त मला दिसत होतं. त्याच्यासमोर नुसती भिंत होती, जुन्या पोत्यांचे डाग पडलेली.

पायांना काही फरक पडला नाही. मी विमान कुठंही ठेवलं, कसंही फिरवलं, तरी ते आपली दिशा शोधायचे. नागपूरहून एक, मुंबईहून दुसरी, कऱ्हाडहून तिसरी. मग मी ते जवळ जवळ आणत गेले. नसरापूरच्या रस्त्यावर ठेवलं, वेल्ह्याजवळच्या मोकळ्या रानात ठेवलं, गुंजवणीच्या पाण्याकाठी ठेवलं. प्रत्येक वेळची दिशा मोबाईलमधल्या नकाशावर ओढली. सगळ्या रेघा एका जागी येऊन मिळाल्या.

आमच्या घराच्या मागं डोंगर चढून गेलं की वर एक ओसाड पठार लागतं. गावात त्याला आडमाळ म्हणतात. रेघा तिथं मिळत होत्या.

"तू कधी गेलायस तिथं?" मी विचारलं.

"कशाला जाईन? तिथं काय आहे?"

घाटातली ती जागा, जिथं तो पडला, ती तर पार दुसऱ्या अंगाला होती. आण्णांना नकाशावरच्या रेघा दाखवून विचारलं. ते म्हणाले, "आडमाळाव? काय न्हाई तिथं. सरपान बी मिळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आण्णांना घेऊन वर गेले. खरोखरच काही नव्हतं. काळा कातळ, मधेमधे लाल मातीचे पट्टे, गुडघाभर गवत आणि वारा. कडेला बनाबाई शेरडं-मेंढरं घेऊन उभी होती. पलीकडच्या धनगरवाड्यातली ती म्हातारी, आम्हाला लहानपणापासून ओळखते. तिच्याशी बोलावं म्हणून मी विचारलं, मेंढरं रात्री इथं बसवता का?

"चारतो," ती म्हणाली. "बसवत न्हाई."

"का?"

"बसत न्हाईत, बाई. यंदाचंच हाय ह्ये. चरून झालं की उभीच ऱ्हात्यात. आन समदी येकाच अंगाला त्वांड करून."

"कुठल्या?"

तिनं काठीनं खाली दाखवलं. धुकं मधून फाटलं होतं आणि खाली आमच्या घराचे पत्रे दिसत होते. मागच्या खोलीची खिडकी दिसत होती.

 उतरताना आण्णा एवढंच म्हणाले, "आईला सांगू नगंस."

मी घरी आले आणि पेडलांचे बोल्ट खोलले. स्वरूपनं अडवलं नाही. तो खुर्चीत बसून बघत राहिला. म्हणाला, "तुला आठवतंय, मी पहिल्यांदा एकटा उडालो तेव्हा तुला फोन केला होता? मी म्हटलं होतं, पायात विमान आल्यासारखं वाटतं. तसं काहीच नाही हे. मला काही कळत नाही, ताई. मी नुसता बघतो. दुसऱ्याच्या गाडीत मागं बसल्यासारखा."

"पेडलं गेली की थांबेल."

"पेडलं कुठं चालवत होती?" तो म्हणाला.

 तरी मी पेडलं गोणपाटात बांधली आणि स्कूटरवर घालून किकवीला घेऊन आले. कपाटावर ठेवून दिली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. बिघाड कुठं आहे हे मला आता कळलं होतं, आणि तिथं माझं कुठलंही हत्यार पोचत नव्हतं.

नवरात्र बसायच्या आधी आईचा फोन आला. पहिल्यांदा नुसतं रडूच ऐकू आलं. मग ती म्हणाली, "साधने, पोरगं हुबं ऱ्हायलं गं! आपल्या आपण हुबं ऱ्हायलं!"

मी पोचले तेव्हा ओसरीवर बाया जमल्या होत्या. कुणी नारळ आणला होता, कुणी साखर वाटत होतं. आईनं माझ्या तोंडात साखर घातली आणि हाताला धरून आत नेलं.

स्वरूप मागच्या खोलीत उभा होता. आमच्याकडं पाठ करून, खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून. नव्या पायजम्यात त्याचे पाय सरळ, ताठ उभे होते. बाया दारातून बघत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. "देव पावला गं, मंगल," एकजण आईला म्हणाली.

मी बायांमधून वाट काढून त्याच्या पुढं गेले, भिंत आणि तो यांच्यामधल्या सापटीत शिरले आणि त्याचं तोंड बघितलं.

ओठ पांढरे पडले होते. कपाळावरून घाम गळत होता.

"मला बसव," तो अगदी हळू म्हणाला. "ताई, मला खाली बसव."

मी मागं येऊन त्याला काखेत धरून ओढलं. गुडघे वाकले नाहीत. मी खाली बसून दोन्ही हातांनी गुडघ्यामागं दाब दिला. पाय लाकडासारखे नव्हते. गरम होते, कातडीखाली स्नायू हलत होते. जोर लावून उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय होते ते. आण्णांना हाक मारली. आम्हा दोघांनाही ते वाकवता आले नाहीत.

"राहू दे," स्वरूप म्हणाला. "ते दमले की बसतील."

दारातून आई म्हणाली, "आता कशाला बसवतायसा त्येला? लई दिस बसला की."

पुन्हा डॉक्टरांकडं नेलं. या वेळी डॉक्टर खूष झाले. काही रुग्णांत मज्जातंतू उशिरा जागे होतात म्हणाले. सुई टोचली. स्वरूप म्हणाला, कळत नाही. डॉक्टर म्हणाले, कळेल हळूहळू, आधी हालचाल येते. त्यांना एकट्यांना गाठता येईल म्हणून मी बाहेर थांबले, आणि गाठलंही. पण काय सांगणार होते? की पाय बरे झालेत, पण ते याचे नाहीत? मी म्हटलं, "तो घाबरलाय." ते म्हणाले, "साहजिक आहे. इतकी आनंदाची गोष्ट पचायला वेळ लागतो."

मी कारखान्यात रजा वाढवून घेतली आणि पासलीलाच राहिले.

पाय दिवसाकाठी थोडा वेळ उभे राहायचे, मग ढिले पडायचे. उभे राहिले की त्यांचं तोंड मागच्या भिंतीकडं असायचं. खाट फिरवून बघितली. ते खाटेवरून उतरून, वळून, पुन्हा भिंतीशी जायचे आणि चवडे भिंतीला टेकवून उभे राहायचे. स्वरूपला मग गज धरावे लागत, नाहीतर तो तोंडावर आपटला असता. आई शेजारणींना सांगायची, खिडकीपाशी वारं येतं म्हणून तिथं जातो.

एकदा तो मला म्हणाला, "मला पट्ट्यानं बांध." मी बांधलं. आईनं बघितलं आणि पट्टा सोडला. माझ्याशी ती पुढं दोन जेवणं बोलली नाही.

"तू भैन हायेस का कोन हायेस त्येची?" शेवटी तिनं विचारलं.

 तिच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

परतीचा पाऊस पडून गेला होता. भात पिवळं धरत होतं आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून आईआण्णा दुपारचे खाचरांवरच असत. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

स्वरूप मागच्या दारात होता. पायांना दार सापडलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली होती आणि पाय बाहेर, अंगणात, चालण्यासाठी ओढ घेत होते. त्याचं अंग धनुष्यासारखं ताणलं होतं.

"ताई."

मी पाठीमागून कमरेला मिठी मारली. टाचा रोवल्या. मी काही नाजूक नाही, कारखान्यात लोखंड उचलते. आम्ही दोघं मिळून त्या दोन पायांना धरू शकलो नाही. त्याची बोटं एकेक करून सुटली.

मी आण्णांना हाका मारल्या. खाचरं खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं. कुणाला ऐकू जाणार?

"सोडू नको," स्वरूप म्हणाला.

मी त्याचा दंड माझ्या गळ्यात घेतला, कंबर धरली आणि त्याच्याबरोबर चालायला लागले. दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं. पाय अनवाणी होते. दगड, काटे, करवंदीची जाळी, कशालाही ते थांबले नाहीत. चढावरही चाल बदलली नाही. वरचं अंग मात्र स्वरूपचंच होतं, ते दमत होतं, माझ्यावर रेलत होतं.

"दुखतंय?"

"काही कळत नाही."

थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "त्यांना वाट माहितीय बघ. मला नाही माहीत."

वर धुकं होतं. आडमाळाची कडा लागली तसं ते दाट झालं. हातभर अंतरावरचं दिसेना. पायाखाली लाल माती, पावसानं मऊ झालेली. आमच्या पावलांचा चपचप आवाज तेवढा येत होता.

मी त्याच्याशी बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. आण्णा येतील, खाली जाऊ, तुला चहा करून देते, असंच काहीतरी.

पाय जलद झाले.

मी घसरले. गुडघ्यावर पडले. हात सुटला.

"ताई!"

उठून धावले. त्याच्या आवाजाच्या दिशेनं. चपचप आवाज पुढं चालला होता, एकसारखा, न अडखळता.

मग मी कशाला तरी अडखळून पडले. तो स्वरूप होता. चिखलात पालथा पडलेला, रडत होता.

मी त्याला उताणा केला. पाय माझ्या हाताला लागले. थंड, सैल, पूर्वीसारखेच. उचलून सोडला तर पडत होता.

"गेले," तो म्हणाला. "ताई, गेले."

मी त्याला कवटाळून बसले होते. आणि चपचप आवाज अजून येत होता. आमच्यापासून लांब जात होता.

बनाबाईनं आम्हाला वर जाताना बघितलं होतं. तिनंच आण्णांना बोलावून आणलं. ते आले तोवर धुकं विरळ झालं होतं. आण्णांनी स्वरूपच्या तोंडावरून हात फिरवला, मग ते उठले आणि मातीकडं बघत राहिले.

आमच्या आलेल्या वाटेवर माझ्या चपलांचे ठसे होते आणि शेजारी अनवाणी पावलांचे. ते स्वरूपपाशी आले होते. माझे तिथंच संपत होते. अनवाणी ठसे त्याच्या पलीकडून पुढं निघत होते आणि लाल मातीच्या पट्ट्यावरून सरळ जात होते.

बनाबाईनं ते बघितले आणि मेंढरं वळवली.

आण्णा त्या ठशांवरून चालत गेले. आपल्या वहाणांनी एकेक ठसा मोडत, पुसत. बरेच लांब गेले, चढाआड दिसेनासे झाले. परत आले तेव्हा त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"कुठवर गेलेत?" मी विचारलं.

"उचल त्येला," ते म्हणाले.

आण्णांनी स्वरूपला पाठीवर घेतलं. मी मागून आधार दिला.  स्वरूपचा गाल आण्णांच्या खांद्यावर टेकला होता आणि तो झोपी गेला होता, कितीतरी दिवसांनी असा गाढ.

आई अंगणात उभी होती. कुणीतरी तिला सांगितलं असावं की पोरगं डोंगर चढून गेलं. तिचं तोंड उजळलं होतं. तिनं गरम पाणी काढून ठेवलं होतं.

"येवढा डोंगूर चढला माझा सोन्या," ती म्हणाली. "बसवा हितं. पाय धुती त्येचं."

आण्णांनी त्याला ओट्यावर बसवलं. त्याच्या कपड्यांवर चिखल होता, हातांवर, केसांत चिखल होता. माझ्या चपला चिखलानं जड झाल्या होत्या. आईनं त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला, मग दुसरा घेतला.

तळवे कोरडे होते. मातीचा कण नव्हता, एक ओरखडा नव्हता.

आई त्या तळव्यांकडं बघत राहिली. मग तिनं तांब्या उचलला आणि पाणी घालून ते धुवायला लागली.